दोन आठवड्यांची घाई कशाला?
मुरुमांवर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू केल्या की दोन आठवड्यांत चेहरा स्वच्छ होतो, हे लेखातील विधान पटले नाही. माझ्या बाबतीत पहिला महिना जवळजवळ काहीच फरक न पडता गेला. हनुवटीवरच्या दुखऱ्या, टणक गाठी बसायला दुसरा महिना उजाडावा लागला, आणि साधारणपणे सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागतेच. दोन आठवड्यांच्या आशेवर बसलेला रुग्ण नेमका त्याच सुमारास कंटाळून गोळ्या सोडून देतो.

याहून खटकले ते असे, की गोळ्यांच्या जोडीने बेंझॉइल पेरॉक्साइडचे (मुरुमांचे जिवाणू मारणारे) मलम लावायचे असते, याचा लेखात उल्लेखच नाही. नुसत्या प्रतिजैविकाने जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच या गोळ्या शक्यतो तीन-चार महिन्यांत थांबवतात आणि मलम मात्र पुढेही चालू ठेवतात. (त्या मलमाने उशीचे अभ्रे पांढरे पडतात, ते वेगळेच!) शिवाय ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, हे मला कोणीच सांगितले नव्हते, रात्री घोटभर पाण्याबरोबर गिळलेल्या गोळीने अन्ननलिकेत अशी जळजळ झाली, की पुढचे काही दिवस घास गिळताना डोळ्यांत पाणी येत असे.