तिच्या तब्येतीची काळजी कशी करावी

ती पुन्हा दिसली ना? फॅशनवर लिहिते ती. दंड चांगले भरलेले, तरी स्लीव्हलेस. पोट सुटलेलं, तरी आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, आणि वर खुशाल हसतेय. तुमचा जीव खालीवर होणं साहजिक आहे. पण 'मला बघवत नाही' असं चुकूनही म्हणू नका. 'तिच्या तब्येतीची काळजी वाटते' म्हणा.

तिची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, यांतलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून अडून बसू नका. नुसत्या फोटोवरून निदान करता येणं ही दैवी देणगी आहे. (बारीक माणसांवर ती चालत नाही. पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्या मित्राने काय मेंटेन केलंय स्वतःला!)

पुराव्याला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आहेच. ते सूत्र केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात मांडलं, तेही लोकसमूहाची सरासरी पाहायला, एकेकट्याची प्रकृती तपासायला नव्हे, असं ती म्हणाली तर विषय बदला. १९९८ साली अमेरिकेत 'जास्त वजना'ची रेषा खाली ओढून बीएमआय २५वर आणली, तेव्हा लाखो लोक एक घासही जास्त न खाता जाड ठरले, हे तर तिला बोलूच देऊ नका.

मग कपड्यांकडे वळा. माप बसलं नाही तर दोष शरीराचा, हे पक्कं धरा. अमेरिकेत १९३९-४०मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली गेली. हिशेबात फक्त गोऱ्या धरल्या. त्यांच्या आधारावर १९५८मध्ये प्रमाणित साइझ ठरले आणि १९८३मध्ये ते प्रमाण रद्दही झालं. आता ज्याचा त्याचा 'एल' वेगळा. तरी एका 'एल'मध्ये सहज शिरलेली बाई दुसऱ्यात अडकली तर चूक तिचीच. दोन्ही हात वर, डोकं आत, काखेत शिवण रुतलेली, चेन अर्ध्यावर आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. आत्मपरीक्षणाला ट्रायल रूमसारखी जागा नाही.

तुमचा कपड्यांचाच धंदा असेल तर जाहिरातीत एक जाड मुलगी घ्या. बेताची जाड, कंबर शाबूत हवी. दुकानात मात्र एक्सएलच्या पुढे काही ठेवू नका, मोठे साइझ 'फक्त ऑनलाइन'. मोठ्या मापाला खांदा, छाती, मुंढा सगळं नव्याने बेतावं लागतं, आणि त्याला पैसे पडतात. त्यापेक्षा लहान मापाचा पॅटर्न चहूबाजूंनी वाढवा. खांदे ओघळून दंडावर येतील, येऊ द्या. रंग काळा, नाही तर पडद्याला शोभतील अशी मोठाली फुलं. माल पडून राहिला की 'या साइझला मागणीच नाही' म्हणायला तुम्ही मोकळे.

आणि ती कधी समोर आलीच, तर तोंडभर कौतुक करा. 'काय गं तुझा आत्मविश्वास! मला बाई नसतं जमलं.' तिने 'काय नसतं जमलं?' असं विचारलं, तर 'चेहरा किती गोड आहे तुझा' म्हणा आणि सटका.