“मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न कुठल्या दाखल्याला लागतो आणि कुठल्या नाही

आज सकाळी सोलापुरात दाखल्याच्या एका खिडकीवर पुढच्या मावशींना आतून प्रश्न आला, “मूळच्या कुठल्या?” मावशी म्हणाल्या, “इथलीच की ओ, साखर पेठेतली.” “ते राहायला झालं. मूळच्या?” मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी अधिवास, म्हणजे डोमिसाईलचा दाखला काढायचा होता. विड्या वळायच्या कामाचा दिवस बुडवून आलेली बाई. आडनाव तेलुगू, एवढ्यावरून ही चौकशी. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

रहिवासी, अधिवास आणि मूळ रहिवास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रहिवासी म्हणजे आज इथं राहणारा. लाईट बिल, रेशन कार्ड, भाडेकरार, यावर ते ठरतं. आजोबा कुठले होते याचा त्यात काय संबंध? अधिवासाला महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्या दाखल्याचं पूर्ण नावच वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असं आहे. लोक अडकतात ते इथं. सोबत ताजं लाईट बिल जोडतात, पण ते फक्त आजचं राहणं सांगतं, मागची वर्षं सांगत नाही. मुलीचा जन्मदाखला आणि पहिलीपासूनच्या प्रत्येक शाळेचा बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला लावला की वर्षं आपोआप सलग दिसतात. शाळा बदलताना मध्ये एखादं वर्ष कोरं राहिलं असेल तर नेमकं तिथंच बोट ठेवलं जातं. त्या वर्षाचं काहीतरी हाताशी ठेवा, जुनं रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, काहीही. मावशींकडे हे सगळं होतं. पिशवीतून एकेक कागद काढून दाखवत होत्या, आणि आतला माणूस कागदाकडे न बघता आडनावाकडे बघत होता.

‘मूळ’ लागतं ते जातीच्या दाखल्याला. तिथं कायद्यानं तारखा ठरवून दिल्यात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी घराणं कुठं राहत होतं ते बघतात. बरं, तिथं विचारणं भाग आहे, मान्य. पण मावशी जातीचा दाखला मागतच नव्हत्या.

आणि सोलापुरात कोण कुणाला ‘मूळचे’ विचारणार? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विजापूर जिल्हा आपल्याच मुंबई राज्यात होता आणि तुळजापूर, नळदुर्ग हैदराबाद राज्यात. म्हणजे त्याआधी विजापूरहून आलेला माणूस राज्यातल्या राज्यात आला, आणि तुळजापूरहून आलेला परराज्यातून. राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका दिवसात हिशेब उलटा झाला. माणसं होती तिथंच राहिली, रेघ सरकली. सोलापुरात जन्मलेल्याला त्या रेघेवरून बाहेरचा कसं काय म्हणता?

आपले पत्तेच बघा. उत्तर कसबा, दक्षिण कसबा, साखर पेठ, तेलंगी पाच्छा पेठ. कसबा म्हणजे मूळ वस्ती. पेठ वसवायची तर कौल, म्हणजे सरकारी अभयपत्र देऊन, काही वर्षं कर माफ करून व्यापारी-कारागीर बाहेरून बोलवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आलेल्यांवर पेठ उभी राहते. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, तेव्हाही हात बाहेरूनच आले. त्या हातांवर शहर चादरीसाठी ओळखलं गेलं. चादर सोलापुरी आणि विणणारा बाहेरचा, हे कुठलं गणित?

खेड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तो परागंदा झाला तरी परत येऊन हक्क सांगायचा. उपरी ठरल्या मुदतीपुरता कसणारा. तो भेद जमिनीच्या हक्काचा होता. ती व्यवस्था गेली, पण ‘उपरा’ तेवढा शिवीसारखा तोंडात राहिला. भाडेकरूला आजही सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसंच वागवतात. मालकाच्या गोष्टीत भाडेकरूला मत नसेल, ठीक आहे. पण पाणी चार-पाच दिवसांआड आलं तर घागर त्याचीही रिकामीच असते की.

मतदार यादीचा कायदा या बाबतीत फार शहाणा आहे. १९५० च्या कायद्यात ‘सर्वसाधारण रहिवासी’ म्हणलंय. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेरगावी गेल्यानं रहिवास जात नाही. म्हणजे पुण्यात बसून इथल्या वाड्याला कुलूप लावणारा नव्हे, त्याच वाड्यात एका खोलीत भाड्यानं राहणारी बाई इथली. मावशींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं, पण तोवर त्या कागद आवरत होत्या, उद्या परत येते म्हणाल्या. उद्याची मजुरी पण गेली.

१९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या बाळे, शेळगी, सोरेगावच्या लोकांनी पत्रिकेवर अजून ‘समस्त ग्रामस्थ’ छापलं तर खुशाल छापू दे. ज्याचं त्यानं ठरवावं. आपल्याला कुणी काय म्हणायचं हे मात्र खिडकीतल्यानं ठरवू नये.

कुंभारीतल्या रे नगर किंवा विडी घरकुल या कामगार वसाहतींत राहायला गेलेल्यांसाठी एक. कुंभारी महापालिकेच्या हद्दीत नाही, रहिवासी दाखल्याची चौकशी तिथल्या ग्रामपंचायतीत करा, शहरातल्या खिडकीवर दिवस घालवू नका. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा, मतदारसंघ बदलत असला तरी तोच. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा, तो भरला तर नाव दोन ठिकाणी लागतं आणि मग निस्तरत बसावं लागतं. आणि कुठल्याही खिडकीवरून परत पाठवलं तर कुठला कागद कमी आहे ते अर्जावरच लिहून मागा.