मारुतीच्या छातीतले घड्याळ

वेळ सोडून बाकी सर्व काही दाखवण्याची हौस असलेल्या घड्याळांची एक पिढी आपल्याकडे येऊन गेली. स्मार्टफोन प्रत्येकाच्या खिशात पोहोचण्याच्या जरा आधी ही व्हिडिओ घड्याळे चीनमधून आली आणि रस्त्यावरच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. दीड इंची रंगीत पडदा, गाणी, फोटो, चित्रफिती, काहींत रेडिओसुद्धा, असा सगळा संसार त्यांत मांडलेला असे. मात्र किती वाजले हे पाहायचे असेल तर आधी बटण दाबून पडदा उजळवावा लागे, कारण बॅटरी वाचवण्यासाठी तो एरवी काळाकुट्ट असे. शिवाय घड्याळ इतके जाड की शर्टाची बाही त्याच्यावरून खाली उतरत नसे. असल्या वस्तूला मनगटावर फार दिवस आसरा मिळणे शक्यच नव्हते.

माझे मत मात्र असे आहे की, घड्याळ म्हणून नापास झालेली ही वस्तू अंगावर लावायचा पडदा म्हणून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. तेवढाच रंगीत पडदा सुटा विकत आणायला जावे, तर त्याला चालवणारी चिप, चित्रफीत साठवायला मेमरी, लिथियमची बॅटरी, ती चार्ज करणारे सर्किट आणि हे सारे झाकणारी डबी अशी वरात मागोमाग येते आणि त्यातला प्रत्येक वऱ्हाडी वेगळा मानपान मागतो. व्हिडिओ घड्याळात ही सगळी मंडळी आधीच दाटीवाटीने बसलेली असतात. १९८२ साली जपानच्या सायको कंपनीने मनगटावरचा टीव्ही विकायला काढला, तेव्हा त्याचा पडदा १.२ इंचांचा होता आणि रिसीव्हर वेगळा खिशात ठेवून तारेने घड्याळाला जोडावा लागत असे. त्या मानाने आपले हे बिनतारी कार्टे बरेच सुधारलेले म्हटले पाहिजे.

हे मत मी एकदा वहिनींच्या देखत मांडले. सोसायटीच्या गणेशोत्सवातील वेषभूषा स्पर्धेत माझा पुतण्या मारुती होणार होता आणि छाती फाडून आत राम-सीता दाखवणार होता. गेल्या वर्षी दुसऱ्या इमारतीतल्या एका मारुतीने छातीत कॅलेंडरवरचे चित्र चिकटवले होते. त्यामुळे आमचे राम-सीता हलले पाहिजेत, असा वहिनींचा आग्रह होता. "भावोजी, तुम्ही म्हणता ना त्या घड्याळात सगळं असतं, मग राम असायला काय हरकत आहे?" असे त्या म्हणाल्या आणि विषय संपला. तळमजल्यावरचे निवृत्त काका तेवढ्यात जिन्यावरून ओरडले की, छाती फाडण्याचा प्रसंग वाल्मीकींच्या रामायणात नाहीच, तो कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात आहे. परंतु स्पर्धेच्या नियमावलीत कोणते रामायण धरायचे याचा उल्लेख नव्हता.

पुण्याच्या बुधवार पेठेत विजेच्या सामानाची तपकीर गल्ली आहे, तिथे गणपतीच्या आधी जाणे हे धैर्याचे काम आहे. दिव्यांच्या माळा डोक्याला लागत असतात आणि पायाशी वायरींची भेंडोळी असतात. त्या गर्दीत मी एका दुकानदाराकडे व्हिडिओ घड्याळ मागितले, तेव्हा त्याने आधी नवीन स्मार्ट घड्याळे पुढे केली. चित्रफीत दाखवत नाहीत, पण तुमच्या हृदयाचे ठोके मोजतात, असे त्याने सांगितले. मला हृदयाचे ठोके नको असून हृदयात राम हवा आहे, हे उत्तर त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक डबा काढून दिला. "वापस नाही घेणार हं साहेब," एवढेच तो म्हणाला.

डब्यात घड्याळाबरोबर तळहाताहून लहान अशी एक सीडी होती. चित्रफितीचे रूपांतर करणारी प्रणाली त्या सीडीत आणि सीडी वाचणारे यंत्र आता कोणाच्याच घरी नाही. रूपांतराशिवाय तर गत्यंतर नसते, कारण ही घड्याळे एएमव्ही नावाच्या त्यांच्याच बोलीतल्या चित्रफिती तेवढ्या ओळखतात. आपले नेहमीचे व्हिडिओ आधीच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात काय बदलले तेवढेच टिपून ठेवतात. तो हिशेब उलगडण्याची ताकद या चिपमध्ये नसल्याने तिला प्रत्येक चित्र जेपेग फोटोसारखे सुटे आणि पूर्ण द्यावे लागते, तेही सेकंदाला बारा किंवा सोळाच. सुदैवाने एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या प्रणालीला ही बोली येते. परंतु तिच्याही अटी असतात. चित्राची उंची सोळाच्या पटीत हवी, आवाज एकाच मार्गाचा हवा, आणि मुख्य म्हणजे आवाज हवाच. आमचे राम-सीता मुकाट्याने आशीर्वाद देणार होते, तरी त्यांच्या मौनाचा स्वतंत्र ध्वनिमार्ग तयार करून जोडल्याखेरीज यंत्र काम करीना. शांतता मुद्दाम बनवावी लागते हे सोसायटीच्या सभांमुळे मला ठाऊक होते. ती फाइलमध्ये भरावी लागते हे नवीन होते.

मग पडद्यावरचे पिक्सेल मोजण्याचा प्रसंग आला. १२८ गुणिले १२८ म्हणजे सगळे मिळून १६,३८४ ठिपके, आणि त्यांत एक संपूर्ण देवदांपत्य बसवायचे. वहिनींनी शेजारच्या दोन मुलांना नटवून गॅलरीत चित्रीकरण केले होते. धनुष्याची दोरी एका ठिपक्याहून बारीक असल्यामुळे ती दिसेनाशी झाली आणि प्रभू हातात वाकडी काठी घेऊन उभे असल्यासारखे वाटू लागले. जेपेगमध्ये चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. त्यातला जेमतेम एक चौकोन सीतेच्या चेहऱ्याच्या वाट्याला आला, आणि तिची नथ, जी वहिनींनी माहेरून मागवली होती, ती नाकासकट त्या चौकोनात विरघळली. शेवटी फक्त चेहरे घ्यायचे ठरले. रामाला सीतेजवळ सरकायला सांगितले, तेव्हा इयत्ता तिसरीतल्या रामाने साफ नकार दिला. त्यामुळे दोघांचे वेगवेगळे चित्रीकरण करून त्यांना संगणकावर शेजारी आणावे लागले.

खरा पेच पुढेच होता. घरात टेबलावर ठेवून पाहिले की चित्र सुरेख दिसे. पुतण्याला स्टुलावर उभे करून, म्हणजे रंगमंचावर उभा आहे असे समजून, मी खाली खुर्चीत बसून पाहिले तर रामाचा चेहरा फिक्कट आणि मुकुट काळा. स्वस्त पडद्यांचा हा स्वभावच असतो. ते एका बाजूने पाहणाऱ्याला खरे रंग दाखवतात आणि तिच्या समोरच्या बाजूने पाहणाऱ्याला फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे. पडदे बनवणारे लोक ही पाहण्याची दिशाही घड्याळाच्याच भाषेत सांगतात, बारा वाजताची किंवा सहा वाजताची. आमच्या घड्याळाची चांगली बाजू आकाशाकडे होती, आणि परीक्षक पार्किंगमध्ये खुर्च्यांवर बसणार होते. उपाय एकच होता, तो म्हणजे घड्याळ उलटे लावायचे आणि चित्रफीत १८० अंशांत फिरवून भरायची. तसे केल्यावर राम-सीता सरळ आणि सावळे-गोरे जिथल्या तिथे आले, परंतु घड्याळाचा मेनू कायमचा शीर्षासनात गेला. त्यातले इंग्रजी मुळात असे होते की सरळ वाचूनही अर्थ लागत नव्हता, त्यामुळे फार नुकसान झाले असे म्हणता येत नाही.

पडदा किती वेळाने मिटावा याचा आकडा त्याच मेनूत भरायचा असतो. पाच, दहा, तीस असे सेकंद त्यात आहेत. कधीच मिटू नये असे वाटत असेल तर शून्य भरायचे. शून्य म्हणजे अनंत, हे वेदान्त्याला पटेल, पण वहिनींना ते समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. फोमशीटच्या छातीला वेल्क्रोने बंद होणाऱ्या दोन झडपा केल्या. त्या ओढल्या की छाती फाटल्याचा आवाज आपोआप येई, आणि सगळ्या योजनेत विनातक्रार काम केले ते या वेल्क्रोनेच. घड्याळात कारखान्यातूनच आलेली गोल्डफिशची एक चित्रफीत होती. मी ती काढून टाकायला निघालो, तेव्हा मासे गेले तर मारुतीही होणार नाही, अशी धमकी पुतण्याने दिली. मासे राहिले.

स्पर्धेच्या संध्याकाळी "जय श्रीराम" म्हणून पुतण्याने छाती फाडली. पडद्याची बाजू पावणेतीन सेंटिमीटरही नसल्याने तिसऱ्या रांगेपासून मागच्यांना मारुतीच्या छातीत फक्त उजेड दिसला, पण परीक्षक पहिल्या रांगेत होते आणि ते चष्मे सावरून पुढे वाकले. राम-सीतेने आशीर्वाद दिला. एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवण्याची मी केलेली निवड घड्याळ बंद करताच विसरून गेले असावे, कारण आशीर्वाद संपताच केशरी गोल्डफिश पोहत आले. आणि तेही, पडदा उलटा असल्यामुळे, पोट वर करून. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. तेव्हा कृत्तिवासवाले काका उठून खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, हा मत्स्यावतार! विष्णूचाच ना तोही?" टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीस मिळाले.

आता नवरात्रासाठी सोसायटीला रावण हवा आहे. एक डोके खरे आणि उरलेल्या नऊंच्या जागी नऊ घड्याळे, अशी सेक्रेटरींची कल्पना आहे. मी त्यांना समजावले की या घड्याळांना एकमेकांशी बोलता येत नाही, प्रत्येकाचे बटण वेगळे दाबावे लागते, त्यामुळे नवव्या डोक्याचे हसणे सुरू होईल तेव्हा पहिल्याचे हसून झालेले असेल आणि मधली कोणी डोळे वटारत असतील. सेक्रेटरींनी चहाचा घोट घेतला.

"मग काय झालं? रावणाच्या घरात एकमत होतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?"