आई घरपट्टी भरते, मामा

"रोड टॅक्स भरतो गाडीवाला आणि महापालिका कोट्यवधी उधळते फुटपाथवर! जे एक पैसा भरत नाहीत त्यांच्यासाठी रस्ता अरुंद. वर तिथे चालतं कोण? नुसती ठेकेदारांची चैन."

हा फॉरवर्ड मामानं फॅमिली ग्रुपवर टाकला. मी सोडून दिला असता. पण परवा भाजीला निघालेली आई चपला सरकवता सरकवता म्हणाली, "खरंय म्हणा, आपण कुठे काय भरतो?" आणि माझं डोकं फिरलं.

ही बाई चाळीस वर्षं घरपट्टी भरतेय, तीही सवलतीची मुदत संपायच्या आत! गाडीचा कर जातो राज्याच्या तिजोरीत. शहरातले फुटपाथ होतात मुख्यतः महापालिकेच्या पैशातून, आणि त्यात मालमत्ता कराचा वाटा मोठा. मुंबई-पुण्याच्या बिलात 'पथकर' असा वेगळा रकानाच असतो. दारात गाडी आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. भाडेकरूही सुटत नाही, मालक भाड्यातून वसूल करतोच. शिवाय जकात गेल्यापासून महापालिकांना जीएसटीपोटी राज्याकडून भरपाई मिळते, म्हणजे साबणाची वडी घेणाराही भरतोय. फुटपाथवर चढवलेल्या बुलेटचं भाडं मात्र कोण भरतं, ते मामालाच विचारायला हवं.

"तिथे चालतं कोण?" आमच्या कोपऱ्यावर या. मी शिवणाची टेप घेऊन गेले होते. फुटपाथची पायरी ११ इंच. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे जेमतेम ६ इंच. आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर. आमच्याकडे वर चढलात की चार पावलांवर विजेची डीपी, मग दोन बुलेट, मग पानवाल्याचं स्टूल, मग सोसायटीच्या गेटसाठी खाली उतरा, पलीकडे पुन्हा ११ इंच. गुडघे धरून चालणाऱ्या आईनं हे दर गेटला करायचं? ती सरळ रस्त्याच्या कडेनं जाते. मग गाडीत बसलेल्यांना फुटपाथ रिकामा दिसतो.

रस्त्याच्या कडेनं जाण्याचं काय होतं, तेही लिहून ठेवलेलं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली अपघातात गेलेले पादचारी ३२,८२५ आहेत. दिवसाला नव्वद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, तो काही कुणाची चैन म्हणून नव्हे.

रस्ता अरुंद होऊन कोंडी होते म्हणे. आमच्या रस्त्यावर फुटपाथ इंचभर वाढलेला नाही. कोंडी रोज संध्याकाळी असते, दोन्ही बाजूंच्या पार्किंगमुळे.

राहिली ठेकेदारांची गोष्ट. तेवढी खरी आहे, कबूल. मार्च आला की धडधाकट ब्लॉक उखडतात आणि तसलेच पुन्हा बसवतात. पायरी मात्र ११ इंचच राहते. त्याचा हिशेब मागणारा अर्ज मामानं लिहावा, पहिली सही मी करते.