आवळला म्हणून ट्रे थांबतो थोडाच?

भाचा नागपूरजवळच्या बुटीबोरीला वायरमन आहे. एका शेडच्या छतावर 100 मीटर जीआय केबल ट्रे (केबली ठेवायची, जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची पन्हळ) टाकायचा आहे, आणि काल त्यानं मला हा फॉरवर्ड पाठवला : 'एक्स्पान्शन जॉइंट म्हणजे कंपन्यांचा धंदा. लोखंड वाढून वाढून किती वाढणार? नटबोल्ट कचकून आवळा, ट्रे हलत नाही. गॅपनं अर्थिंग तुटतं. ठेवायचाच तर सरसकट 10 मिमी.' खाली प्रश्न : 'मामाजी, काहून पैसे घालवायचे मग?' (एक्स्पान्शन जॉइंट म्हणजे ट्रेच्या दोन तुकड्यांत वाढायला-आकसायला गॅप ठेवणारा जोड.)

किती वाढणार? नागपुरात मे 2013 ला 47.9 अंश झालं, डिसेंबर 2018 ला 3.5. ही झाली हवा. उन्हातला पत्रा साठीला टेकतो. पहाटेचे 4 धरा, फरक 56. एवढ्या फरकानं 100 मीटर लोखंड सुमारे 67 मिमी वाढतं. ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट.

आणि म्हणे आवळा! आवळल्यानं पत्रा तापायचा थांबतो का बाप्पा? पूर्ण अडवला तर दर चौरस सेंटीमीटर पोलादामागे सव्वा टनाहून जास्त जोर साचतो. मग ट्रे पोट काढतो, नाही तर सपोर्ट वाकवतो. एका छतावर मी क्लॅम्पखाली पाहिलंय : जस्त घासून बोटभर चकचकीत पट्टा, बोल्टचं गोल भोक लांबट झालेलं. थंडीत आकसताना तोच बोल्ट उलटा ओढला जातो. म्हणून दोन जॉइंटच्या मधोमध एकाच सपोर्टवर ट्रे पक्का धरायचा, बाकी ठिकाणी गाइड, लांबीत सरकू देणारे.

अर्थिंगचं अर्धं खरं आहे, मानतो. त्यासाठीच गॅपवरून जंपर, म्हणजे दोन्ही तुकडे जोडणारी तार, टाकतात. एसी खोलीतल्या आठ-दहा मीटरला जॉइंट लागत नाही, हेही कबूल.

जॉइंट किती अंतरावर, याचा तक्ता अमेरिकेतल्या नेमा या विद्युत उत्पादकांच्या संघटनेच्या व्हीई-2 मार्गदर्शिकेत आहे : 56 अंश फरक आणि 25 मिमी गॅपचा जॉइंट असेल तर लोखंडाला 39 मीटर, ॲल्युमिनियमला 20.

राहिलं 'सरसकट 10 मिमी'. गॅप बसवायच्या घडीला पत्रा किती तापलाय त्यावर ठरतो, हवेवर नाही. 60 अंशांना गॅप मिटलेला, 4 ला पूर्ण 25 मिमी, या हिशेबानं पत्रा 50 अंशांवर असेल तर साडेचार मिमी, डिसेंबरच्या सकाळी 15 वर असेल तर 20. भाच्याचं काम नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रखरखीत नऊ दिवसांत आहे. त्याला म्हटलं, थर्मामीटर पत्र्याला लाव, मग गॅप विचार.