भिवंडीच्या गोदामातले 31 जोड

कोल्हापूरच्या सुभाषनगरात माझा एक वर्गमित्र चपला करतो. आजा, बाप, सगळे त्याच धंद्यातले. मी लक्ष्मीपुरीत लोकांची जीएसटी रिटर्न भरणारा, त्यामुळं त्याचे कागद माझ्याकडंच. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन बाजारावर त्याचं खातं मीच काढून दिलं, म्हणून आज हे लिहिताना थोडी लाजही वाटतीय.

सुरुवातीला पैसे आठवड्याला यायचे. मग पंधरवड्याला. मग नुसतेच 'प्रोसेसिंग'. एका संध्याकाळी ॲप उघडलं तर पांढरा पडदा. ह्याचे 86 हजार 400 अडकले, 31 जोड कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात अडकले. विकल्या गेलेल्या जोडांवरचा जीएसटी मात्र मी माझ्या हातानं भरलाय. पैसे मिळोत न मिळोत, बिल फाडलं की कर आला.

तो म्हणाला, "मर्दा, जोड मी केला, गिऱ्हाइकानं पैसं भरलं. मग मधल्याचं दिवाळं निघालं म्हणून माझं पैसं कसं काय बुडत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून कायदा वाचत बसलो.

2016 चा दिवाळखोरी कायदा आला तेव्हा आम्ही हिशेबवाल्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. पण कंपनीवर स्वतः अर्ज करायचा तर थकबाकी किमान 1 कोटी लागते. 2020 च्या मार्चपर्यंत ही मर्यादा 1 लाख होती, टाळेबंदीत एकदम कोटीवर नेली आणि तिथंच ठेवली. सुभाषनगरातल्या किती कारागिरांचं एकाच कंपनीकडं कोटीचं येणं असेल? शेवटी एका बँकेनंच अर्ज केला, तेव्हा कुठं आम्ही फॉर्म बी भरून दावा लावला. त्यात ह्याची जात 'ऑपरेशनल क्रेडिटर', म्हणजे कर्ज नव्हे, मालाचं येणं असलेला. धनकोंच्या समितीत बँका बसणार, मत त्यांचं. ह्याला मत नाही. कंपनी मोडीत निघालीच तर कलम 53 ची रांग: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर नोकरदार, बिनतारणी कर्ज देणारे, सरकारी देणी. त्याच्यामागं हा. पंक्तीत शेवटी बसलेल्याला आमटीचं भांडंच दिसायचं.

आपल्याकडं कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं 18 ऑगस्ट 2025 ला. फटाके वाजले, पेढे मीही खाल्ले. पण हा खटला एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या वेगळ्या न्यायाधिकरणात, तोही कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस असेल तिथं. ह्या कंपनीचं बेंगळुरूला.

आमच्या पिढीला बुडालेली कंपनी म्हटलं की एन्रॉन आठवते. 2 डिसेंबर 2001 ला तिकडं अमेरिकेत दिवाळं निघालं, पण गुहागरजवळचा तिचा वीज प्रकल्प जागेवर उभा होता. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढून सरकारी कंपन्यांनी तो हातात घेतला. बोट दाखवायला काहीतरी होतं. इंटरनेटवरची कंपनी बुडते तेव्हा ऑफिस भाड्याचं, सर्व्हर दुसऱ्याचे. विकण्याजोगं उरतं ते नाव आणि गिऱ्हाइकांची यादी.

हे नवीन नाही. 2000 साली अमेरिकेत टॉयस्मार्ट हे ऑनलाइन खेळण्यांचं दुकान बुडालं. 'तुमची माहिती कुणाला देणार नाही' असं वचन दिलेलं असताना यादी विकायला काढली. तिथलं व्यापार आयोग कोर्टात गेलं आणि शेवटी डिस्नेच्या एका कंपनीनं 50 हजार डॉलर मोजले, यादी नष्ट करण्यासाठी! मार्च 2025 मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी ह्या जनुक तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीनं दिवाळखोरी मागितली. लोकांनी नळीत थुंकून पाठवलेल्या नमुन्यांवरून दीड कोटी माणसांची जनुकीय माहिती तिच्याकडं. ती 30.5 कोटी डॉलरला गेली, संस्थापक बाईंच्याच ना-नफा संस्थेकडं. आपला डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर आणखी 18 महिने.

म्हणजे ह्याच्या चपला घेतलेल्या बायाबापड्यांचे नंबर उद्या कुणीतरी विकत घेईल. ह्याला मात्र ते नंबर कधीच दिसले नाहीत, ॲपवर अर्धे आकडे फुल्या मारून झाकलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइकानं चपलेसाठी भरलेले पैसे कंपनीचे नव्हतेच. ती पोचवणारी होती. कमिशन कापून उरलेली रक्कम विश्वस्त म्हणून धरलेली मानावी आणि दिवाळखोरीच्या ढिगाबाहेर ठेवावी. विश्वासानं ठेवायला दिलेली दुसऱ्याची वस्तू कंपनीची मालमत्ता धरायची नाही, हे याच कायद्याच्या कलम 18 मध्ये लिहिलंय, मग हे पैसे का नाहीत? आणि 2018 मध्ये फ्लॅटवाल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांना बँकांच्या रांगेत बसवलंच की. इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या म्हणून दाखवल्या, तेव्हा कोल्हापुरीसाठी अख्खा महाराष्ट्र भांडला. तेवढा आवाज याही बाबतीत निघायला काय हरकत आहे?

जोडांसाठी त्याच कलमाचा आधार घेऊन आम्ही वेगळा अर्ज पाठवलाय. उत्तर आलं, 'मालकीचा पुरावा जोडा.' माल पाठवल्याची चलनं जोडली. परवा त्यानं दुकानातला एक जुना जोड माझ्या टेबलावर ठेवला. पट्ट्याच्या शिवणीत पांढरी बुरशी, वेणीचा रंग उतरलेला. "गोदामात पावसाळाभर पडलं तर असं हुतंय," म्हणाला. "पैशाचं मागनं बघू. आधी त्यास्नी विंग्रजीत लिही, चामडं हाय म्हणावं."