ऑस्लोची काळी कॉफी आणि माझ्या आवडीची दुकाने

युरोपात उत्तम कॉफी कुठे मिळते, असा प्रश्न निघाला की रोम, व्हिएन्ना आणि पॅरिस ही नावे आपोआप पुढे येतात. माझे उत्तर मात्र ऑस्लो हे आहे, आणि मी इथेच राहतो म्हणून ते देतो, हा मित्रांचा आरोप मला मान्य नाही. रोममधला एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली घट्ट, घोटभर कॉफी, काउंटरपाशी उभ्या उभ्या दोन घोटांत संपवायला झकास असतो. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत संगमरवरी टेबले, वर्तमानपत्रे आणि वेटरची अदब यांचे पैसे आपण आनंदाने मोजतो. पण कपातली बी कुठल्या डोंगरावरची आहे आणि ती कशी भाजली आहे, हे जिभेला स्वच्छ कळावे, एवढीच ज्याची अपेक्षा आहे, त्याच्यासाठी ऑस्लोइतके योग्य शहर मला दुसरे सापडलेले नाही.

माझ्या मते याचे मुख्य कारण म्हणजे या शहराला एस्प्रेसोची परंपराच नव्हती. नॉर्वेतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या काळी, पातळ आणि भरपूर कॉफी पीत आला आहे, आणि दरडोई खपात हा देश फिनलंडच्या बरोबरीने जगात वरच्या क्रमांकांवर असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दारूबंदीची चळवळ फार प्रबळ होती. १९१९ च्या सार्वमताने कडक मद्यावरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले आणि ती १९२७ पर्यंत टिकली. अशा देशात पाहुण्यापुढे ठेवायला आणि सभा-बैठकांत फिरवायला कॉफीच उरते. पुढे विजेवर चालणारी कॉफीयंत्रे घरोघरी आली, तेव्हा इथल्या कॉफी व्यावसायिकांनी त्या यंत्रांचीच परीक्षा घेण्याची पद्धत बसवली. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअसपर्यंत तापते का, ते कॉफीच्या भुकटीतून ठराविक वेळात उतरते का, हे तपासून मगच यंत्राला पसंतीची मोहोर मिळू लागली. जिथे सामान्य माणसाच्या ओट्यावरच्या यंत्राचे तापमानही कुणीतरी मोजते, तिथे दुकानदाराला दूध, साखर आणि सायीच्या आड लपायला जागा उरत नाही. त्यात शहराचे बहुतांश पाणी मारिदाल्सव्हान या तळ्यातून येते आणि ते इतके मृदू आहे की कॉफीच्या चवीत ते लुडबुड करत नाही.

इथले लोक बी हलकीच भाजतात. गडद भाजलेल्या बीला मुख्यतः भाजल्याचीच चव येते आणि मूळ मालातले दोष त्या कडवटपणात खपून जातात. हलक्या भाजणीत मात्र बीचे गुण आणि अवगुण दोन्ही उघडे पडतात, त्यामुळे कच्चा माल अव्वल असल्याशिवाय दुकान चालतच नाही. जायफळ घातलेल्या, निम्म्या दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या आपल्या पाहुण्यांना ही कॉफी पहिल्या घोटाला आंबट लागते आणि चिंच चावल्यासारखा चेहरा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मी त्यांना एवढेच सांगतो, की साखर मागू नका, कप जरा निवू द्या.

ग्रुनेरल्योक्का भागातले टिम वेंडेलबो यांचे दुकान जगभरच्या कॉफीवेड्यांना ठाऊक आहे. स्टॉकफ्लेथ्स या १८९५ पासूनच्या जुन्या पेढीत बरिस्ता, म्हणजे दुकानात कॉफी करून देणारा कारागीर, म्हणून घडलेल्या वेंडेलबोंनी २००४ मध्ये जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली आणि २००७ मध्ये ग्रुनर्स गाते या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्वतःचे दुकान थाटले. कीर्तीच्या मानाने ही जागा अगदीच लहान आहे. बसायला मोजक्या खुर्च्या, पाट्यांचा सोस नाही आणि पोटपूजेची अपेक्षा ठेवून इथे येऊच नये. २००८ मध्ये एरोप्रेस या हाताने दाबून कॉफी काढायच्या नळीवजा साधनाची पहिली जागतिक स्पर्धा ऑस्लोत झाली, तेव्हा त्यात अवघे तीन स्पर्धक होते. त्या गमतीमागे वेंडेलबोंचाही हात होता, आणि आज अनेक देशांतले लोक तीच स्पर्धा गंभीर चेहऱ्याने लढवतात. इथे केनियाची धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन मग वाळवलेली बी असेल तर मी दुसरे काही मागत नाही. गरम असताना या कॉफीचा नुसता सुगंध जाणवतो. कप कोमट होऊ लागला की आधी काळ्या मनुकांसारखा गोडवा आणि मग पिकलेल्या टोमॅटोकडे झुकणारी आंबूस छटा वर येते, आणि तळाचा शेवटचा घोट सगळ्यांत गोड लागतो. ज्याला दूध हवेच आहे, त्याने उंच दांड्याच्या ग्लासात मिळणारी थंड कापुचिनो घ्यावी. ती मात्र मी कुणालाही बिनदिक्कत सुचवतो.

तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सुप्रीम रोस्टवर्क्स आहे. तिथले ऑड-स्टाइनार टॉलेफ्सेन २०१५ मध्ये हाताने कॉफी गाळण्याच्या जागतिक स्पर्धेत पहिले आले होते. ज्यांना बरिस्ताशी गप्पा मारत बसायचे आहे, त्यांनी वेंडेलबोंकडच्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा इकडे यावे.

तरीही रोजची कॉफी कुठे, असे विचाराल तर माझे मत सांक्त हान्सहाउगेन या बागेजवळच्या ‘यावा’ नावाच्या दुकानाला आहे. रॉबर्ट थोरेसेन यांनी ते १९९७ मध्ये काढले आणि २००० मध्ये माँटे कार्लोत झालेल्या पहिल्याच जागतिक बरिस्ता स्पर्धेचे ते विजेते ठरले. आज ऑस्लोच्या कॉफीविषयी जे काही लिहिले जाते, त्याचा पाया या दुकानाने घातला, पण त्याचे श्रेय लोक देत नाहीत, याची मला खंत वाटते. इथे सकाळी कुत्रा घेऊन आलेले आजोबा, बाबागाडी लोटणारा बाप आणि कॉफीविषयी कसलेही कुतूहल नसलेला कारकून एकाच रांगेत उभे असतात आणि तिघांनाही तीच चांगली कॉफी मिळते. कॉफीचे दुकान चांगले की वाईट, हे मी तिथल्या दुर्मीळ मालावरून ठरवत नाही. घाईतल्या गिऱ्हाइकाला यंत्रावरचा साधा कप कसा मिळतो, यावरून ठरवतो.

फुग्लेनबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. १९६३ पासूनचे हे कॅफे, भिंतीवरचे लाकूड, विकायला ठेवलेले जुने नॉर्वेजियन फर्निचर आणि २०१२ मध्ये थेट तोक्योत उघडलेली शाखा, यांमुळे त्याचा फार बोलबाला झाला आहे. कॉफी तिथेही चांगलीच असते, पण लोक खुर्च्यांचे फोटो काढण्यात इतके दंग असतात की कपाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. मात्र हे शहर कॉफीच्या बाबतीत लवकर झोपते, बहुतेक चांगली दुकाने संध्याकाळीच आवरतात, आणि अशा वेळी रात्री कॉकटेल बार होणारे फुग्लेनच कामी येते, हे कबूल करायला हवे.

गेल्या काही वर्षांत एक नवी तऱ्हाही दिसू लागली आहे, ती मला खटकते. एका दुकानात मला कप हाती देण्याआधी शेताची उंची, आंबवण्याचे तास आणि चवीची अर्धा डझन विशेषणे ऐकवण्यात आली, आणि तोवर कॉफी निवून गेली. निवलेली कॉफी मला आवडते हे खरे, पण ती किती निवू द्यायची हे मला ठरवू द्यावे. साध्या कपाला ५० क्रोनरच्या आगेमागे, म्हणजे ४०० रुपयांहून अधिक मोजणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असावा.

ज्यांना इथे एकच दिवस मिळणार आहे, त्यांनी सकाळी यावापासून सुरुवात करून उल्लेव्होल्सवैएन रस्त्याने खाली यावे. वाटेत ज्या दफनभूमीत नाटककार इब्सेन आणि चित्रकार मुंक विसावले आहेत, ती लागते. तिथून आकेर्सेल्वा नदीच्या काठी उतरले की मातहालेन हा खाद्यबाजार येतो. १८७९ पासून कॉफीच्या धंद्यात असलेल्या सोल्बेर्ग अँड हान्सेनचे दुकान तिथे आहे आणि घरी न्यायची बी घ्यायला ते सोयीचे पडते. पिशवीवर भाजल्याची तारीख पाहावी आणि दळून न घेता अख्खी बी घ्यावी. मग पूल ओलांडून वेंडेलबोंकडे जावे, शक्यतो दुपारी तीनच्या आधी, म्हणजे बसायला जागा मिळते.